साडेसातशे वॅटचं लेबल

परवा रात्री साडेदहाला नागपूरहून भाचेबुवांचा फोन. "मामा, साडेसातशे वॅटचा एसएमपीएस अठराशेत मिळतोय. घेऊन टाकू ना?"

साहेब नवीन कॉम्प्युटर जोडताहेत. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, मित्राच्या भावाकडून सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०६० कार्ड, आणि वर ओव्हरक्लॉकिंग करायचंच असा पण. (नातेवाईक मंडळींसाठी: ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त जोरात पळवायचं. एसएमपीएस म्हणजे मागच्या बाजूला पंखा असलेली ती लोखंडी पेटी, जी भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत सगळ्यांना वाढते.)

मी म्हटलं, लेबलचा फोटो पाठव. फोटो आला. वर ठसठशीत "७५० वॅट", आणि खाली बारीक अक्षरांत कोष्टक: १२ व्होल्टला २५ अँपिअर. बारा पंचे साठ आणि पुढे गुणत गेलं की होतात ३०० वॅट. आजच्या कॉम्प्युटरमधले खादाड दोनच, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, आणि दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. म्हणजे भाचेबुवांच्या कामाचे वॅट तीनशे. बाकीचे साडेचारशे कुठून आले हे लेबल छापणाऱ्यालाच ठाऊक. काही ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत, काही हवेत.

ही बेरजेची लबाडी जुनी आहे. एक काळ असा होता की प्रोसेसरही ५ व्होल्टवर चालायचे, तेव्हा त्या रकान्यांना अर्थ होता. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्यासोबत १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली, आणि हळूहळू सगळा भार तिकडे सरकला. स्वस्त डबेवाल्यांनी मात्र आतलं जुनं डिझाइन तसंच ठेवलं आणि वरचा आकडा दरवर्षी वाढवत नेला.

आता मला यात एवढं तोंड घालायची गरज काय? तर आहे. २००४ सालची गोष्ट. माझ्याकडे अ‍ॅथलॉन एक्सपी २५०० प्लस होता, बार्टन. त्या प्रोसेसरची ख्याती अशी की बायॉसमध्ये १६६ च्या जागी २०० टाकलं की १८३३ मेगाहर्ट्झचा सरळ २२०० होतो, म्हणजे दुकानात जवळजवळ दुपटीहून जास्त भावाने विकला जाणारा ३२०० प्लस घरबसल्या फुकट! मी ते केलं आणि आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो. मग अधूनमधून कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मला वाटलं प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडतंय, म्हणून १.६५ चं १.७५ केलं. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

खरा प्रकार मला कित्येक वर्षांनी कळला. माझा बोर्ड प्रोसेसरला ५ व्होल्टवरून खायला घालायचा. कॅबिनेटसोबत "फुकट" आलेला तो ४०० वॅटचा एसएमपीएस भार आला की खाली बसायचा. म्हणून मशीन रीस्टार्ट व्हायचं. मी व्होल्टेज वाढवलं म्हणजे प्रोसेसरची भूक वाढवली, म्हणजे एसएमपीएस आणखी खाली बसला. तापलेल्या बैलाला चाबूक मारावा तसं चाललं होतं माझं.

मे महिन्यात एका दुपारी फट् असा आवाज आला, जळका वास आला आणि सगळं संपलं. प्रोसेसर वाचला, गंमत म्हणजे. बोर्ड गेला आणि हार्ड डिस्क गेली, कारण मरता मरता त्या पेटीने व्होल्टेज भलतंच वर नेलं आणि ते अडवणारं सर्किट तिच्यात नव्हतंच. हार्ड डिस्कवर ताईच्या साखरपुड्याचे सगळे फोटो होते. अमेरिकेहून आलेल्या मावसभावाच्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले. कार्ड मी रिकामं करून त्याला परत दिलं होतं. सीडी "उद्या" करणार होतो.

ताई एकदाही रागावली नाही. दर दिवाळीला मात्र आठवण काढते. आणि आता तिचाच मुलगा मला विचारतोय की अठराशेचा घेऊ का!

तर हिशोब. ५६०० ची कंपनीने घातलेली मर्यादा ७६ वॅट. समजा वेग ४.० वरून ४.६ गिगाहर्ट्झवर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. वेग वाढला १५ टक्के. पण लागणारी वीज वेगाच्या पटीत आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ती वाढली सुमारे ४५ टक्के. झाले ११० वॅट. कार्ड मुळात १७० चं, त्यालाही हा प्राणी ताणणार, धरा १९०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. एकूण साडेतीनशे. आणि कार्डं क्षणभर याहूनही बरंच जास्त ओढतात. २०२० नंतरच्या कार्डांचे हे झटके इतके वाढले की २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये असे झटके सोसायची अटच घातली गेली. आता या साडेतीनशेसमोर तो तीनशेचा "साडेसातशे" ठेवा.

उलट ५५० वॅटचा प्रामाणिक ब्रॉंझ घेतला, ज्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहेत, तर तो तिथेच ५४० देतो. साडेपाचशेवाला साडेसातशेवाल्याच्या जवळजवळ दुप्पट! दुकानदाराने त्याला ४३०० सांगितले.

नागपूर हा आणखी एक मुद्दा. चांगल्या पेटीचे वॅट ४० किंवा ५० अंशाला मोजलेले असतात, स्वस्तातल्या बऱ्याच पेट्यांचे २५ अंशाला. नागपुरात मे महिन्यात २५ अंश पहाटेसुद्धा मिळायची मारामार. शिवाय आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून म्हणतो, कार्ड सेकंडहँड घे, रॅम घे, एसएमपीएस मात्र नवा घे. जुन्या पेटीने किती उन्हाळे खाल्लेत ते बाहेरून दिसत नाही.

याच्या विरुद्ध टोकाचीही एक जमात आहे. भाच्याच्या मित्रांपैकी एकाने त्याला ठामपणे सांगितलंय की ८५० वॅटचा गोल्ड घेतलाच पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटर पेटेल. हेही पटत नाही. ब्रॉंझ आणि गोल्ड हे शिक्के, २००४ पासून चालू झालेल्या ८० प्लसचे, फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात. ३०० वॅटच्या भाराला ८५ टक्केवाली पेटी भिंतीतून ३५३ ओढते, ९० टक्केवाली ३३३. फरक २० वॅट. रोज तीन तास गेम खेळला (ताई, हे वाच!) तर वर्षाला २२ युनिट, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. त्यासाठी वर अडीच-तीन हजार कशाला घालायचे? आणि शिक्क्यावरून ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, तापमान ही संरक्षणं आहेत का ते कळत नाही. ती डेटाशीटमध्ये शोधावी लागतात. कंपनीच्या नावावरूनही निर्णय होत नाही, कारण पुष्कळ नावाजलेल्या कंपन्या सीसॉनिक, चॅनल वेल अशा मोजक्या कारखान्यांकडून पेट्या बनवून घेतात, आणि एकाच नावाखाली एक मालिका उत्तम, दुसरी सुमार असते. नेमकं मॉडेल बघायचं. वॉरंटी बघायची. पाच वर्षं देणाऱ्याला स्वतःच्या कपॅसिटरवर थोडा तरी भरवसा असतो.

"पण मामा, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे लोकल एसएमपीएसच आहेत. सात-सात वर्षं चाललेत." बरोबर आहे. वर्ड आणि ब्राउझर चालवणारा कॉम्प्युटर साठ-सत्तर वॅट खातो. तिथे लेबलवरचं खोटं उघडं पडायची वेळच येत नाही. अशा कामाला मीही गोल्ड-बिल्ड सांगणार नाही. मी अडतोय ते ओव्हरक्लॉकिंगवर. जो मुद्दाम प्रत्येक भागाला त्याच्या टोकाला नेणार आहे, त्याने ज्या एका भागावर बाकी सगळे टेकलेत तिथेच हात आखडायचा, हे मला कळत नाही.

मग पैसे कुठून आणायचे? मी त्याची यादी मागवली. काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे चार पंखे: ५५०० रुपये! साधं जाळीचं कॅबिनेट २८०० ला आहे, हवाही जास्त खेळते. वाचले २७००. एसएमपीएसला वर लागतात २५००. दोनशे उरले, तर्रीपोहे खा म्हटलं. त्यावर बराच वेळ शांतता. रंगीत पंख्यांचं दुःख मी समजू शकतो, माझ्या बार्टनच्या कॅबिनेटला निळी ट्यूब होती.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती, ती त्याने फोन ठेवता ठेवता सांगितली. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. म्हणजे त्या बोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह पत्र्यावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. गंमत अशी की सर्वात स्वस्त पेट्यांमध्ये तो फिल्टरच गाळलेला असतो, म्हणून त्यांच्या मुंग्या येतही नाहीत आणि लोक त्यांनाच चांगलं म्हणतात. अर्थिंग नसताना नवी महाग पेटी लावून उपयोग अर्धाच.

काल संध्याकाळी ताईचा मेसेज आला. साडेपाचशेवाला घेतला, कॅबिनेट काळं आणि कुरूप आहे. वायरमन रविवारी येतो म्हणालाय. तोवर खोकं उघडायचं नाही अशी तंबी मी दिली आहे, आणि ताईने खोकं तिच्या कपाटात ठेवलं आहे.