नुसता आरडाओरडा? एक्स्ट्रीम मेटल वाजवायला नेमकं काय लागतं

२६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात सीन नदीकाठची एक इमारत तुम्ही पाहिली असेल. कॉन्सिएर्जरी तिचं नाव. १७९३ मध्ये राणी मारी आंत्वानेतला शिरच्छेदाआधी इथेच डांबून ठेवलं होतं. सोहळ्यात तिथल्या खिडकीत आपलंच मुंडकं हातात धरलेली राणी उभी होती आणि त्याच इमारतीवर उंचावर उभा राहून गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड वाजवत होता. सोबत मरीना व्हियोटी ही ऑपेरा गायिका. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या गाण्याच्या या नव्या रूपाला फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीही मिळाला.

अशा क्लिपखालच्या कमेंट आता पाठ झाल्यात. ‘हा कसला गोंगाट?’, ‘हे तर कोणीही करेल’. गोंगाट वाटणं हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ‘कोणीही करेल’ हे तपासून बघता येतं.

सुरुवात पायांपासून करू. या संगीतात ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो. समजा लय मिनिटाला २४० ठोक्यांची आहे आणि पाय चौगुणीत चाललेत. म्हणजे सेकंदाला १६ आघात, एकेका पायाला आठ. वर हात स्नेअर आणि झांजांवर वेगळंच काही करत असतात. हातपाय मिळून जो सलग मारा करतात त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. ताकद लावून हे जमत नाही, मांडी आखडते आणि अर्ध्या मिनिटात लय कोसळते. घोट्याची छोटी हालचाल, पेडल उसळून परत येतं त्याचा वापर आणि बाकी शरीर सैल ठेवणं, यावर सगळं उभं असतं. ताशा वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

वेग मात्र या कलेतला सोपा भाग आहे, असं मला वाटतं. अवघड आहे ते हिशेब ठेवणं. मेशुगा या स्वीडिश बँडचं उदाहरण घ्या. त्यांच्या अनेक गाण्यांत झांज साध्या चार ठोक्यांत चालू असते आणि खाली गिटार व बेस ड्रम वेगळ्याच लांबीचा तुकडा घोळवत असतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तीनतालाच्या १६ मात्रांवर १७ मात्रांचा तुकडा फिरवत ठेवायचा. दर आवर्तनाला तो एक मात्रा पुढे सरकतो. आठ आवर्तनं म्हणजे १२८ मात्रा. त्यात तो सात वेळा पुरा बसतो, नऊ मात्रा उरतात. मग आठव्या फेरीला तो मध्येच तोडून सगळे एकदम समेवर येतात. तिहाई समेवर पोचावी म्हणून मोजून रचलेली असते. इथे तुकडा स्वतःहून समेवर येतच नाही, त्याला ओढून आणावं लागतं. ऐकणारा चकवला जातो, वाजवणाऱ्याला मात्र एक मात्राही चुकवून चालत नाही.

याच बँडचं ‘ब्लीड’ हे २००८ चं गाणं. सात मिनिटांहून मोठं. बेस ड्रमवर जवळपास सतत एक तुटक, दौडणारा आकृतिबंध आणि गिटारवाल्यांचा उजवा हात त्याच्याशी चिकटलेला. ते वाजवायला पायांचं तंत्र नव्याने बसवावं लागलं, असं ड्रमर टोमास हाके याने मुलाखतींत सांगितलंय. आणि गंमत बघा, याच हाकेच्या बँडने त्याआधी २००५ मध्ये ‘कॅच थर्टीथ्री’ हा अख्खा अल्बम कॉम्प्युटरवर बसवलेल्या ड्रमवर काढला होता.

गळा फाटत कसा नाही?

सर्वाधिक चेष्टा होते ती गुरगुरत्या आवाजाची. आपण चिडून ओरडतो तेव्हा स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. रोज कार्यक्रम करणाऱ्या गायकाला हे परवडणार नाही. स्वरतंतूंच्या थोडं वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या बोलण्यात भाग घेत नाहीत. मेटल गायक मुख्यतः त्यांना आणि आजूबाजूच्या स्नायूंना कंप पावायला लावतो, तेही पोटातून मोजून सोडलेल्या हवेवर. लॉर्ना शोर या अमेरिकी बँडचा गायक विल रामोस याच्या घशात कॅमेरा घालून आणि एमआरआय काढून युटा विद्यापीठातल्या आवाजतज्ज्ञांनी हे पाहिलंय. २०२१ मध्ये ज्या गाण्याच्या शेवटच्या चित्कारांवर टिकटॉकभर लोकांनी तोंडं वासली, तो हाच गायक.

यासाठी पुरुषी छाती लागते हा समज तर केव्हाच मोडलाय. आर्च एनिमी या स्वीडिश बँडमध्ये अँजेला गोसॉव आली आणि २००१ मध्ये ‘वेजेस ऑफ सिन’ आला. गाणारी बाई आहे हे माहीत नसेल तर ओळखता येत नाही. चुकीच्या पद्धतीने केलं तर घसा जातो, हेही तितकंच खरं. रील बघून घरी प्रयोग करणाऱ्यांनी जपून.

आता चाहत्यांनाही एक चिमटा. ‘मेटल म्हणजे सगळं शास्त्रीय संगीताच्या तोडीचं’ असं छातीठोक सांगणारेही बरेच भेटतात. तसं नाही. नेपाम डेथच्या १९८७ च्या पहिल्या अल्बममध्ये सव्वा सेकंदाच्या आसपास संपणारं एक गाणं आहे, ते जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून गिनीज बुकात गेलं. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने १९९४ मध्ये ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ मुद्दाम खरखरीत आणि एकसुरी ठेवला. तिथे कसरत नको होती, गारठा हवा होता. उलट फ्लोरिडाच्या डेथ बँडचा चक शुल्डिनर १९९१ च्या ‘ह्यूमन’साठी जॅझ-फ्यूजनकडे ओढा असलेले तरुण वादक घेऊन आला आणि डेथ मेटलची वाटच बदलली. दोन्ही वाटा या संगीताच्याच.

मग मशीनचं काय?

सध्याचा खरा वाद इथे आहे. सेकंदाला १६ आघात करताना पाय फार उचलता येत नाही, त्यामुळे आवाज हलका आणि चिखल झाल्यासारखा येतो. म्हणून ड्रमवर ट्रिगर लावतात. हा छोटा सेन्सर आघात झाला की आधी रेकॉर्ड केलेला दणदणीत ठोका वाजवतो. ‘ही फसवणूक’ असं म्हणणारे कायम असतात. पण ट्रिगर जोर सारखा करतो, वेळ दुरुस्त करत नाही. पाय चुकला तर ती चूक उलट जास्त स्वच्छ ऐकू येते. लय सुधारली जाते ती स्टुडिओत, एडिटिंगमध्ये. ते इतकं सोपं झालंय की नुसता रेकॉर्डिंगमधला वेग आता कशाचाच पुरावा राहिलेला नाही.

त्यात एआय. डीझर या फ्रेंच स्ट्रीमिंग कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की आपल्याकडे दिवसाला २० हजारांहून जास्त गाणी पूर्णपणे एआयने बनवलेली येतात. मशीनला सेकंदाला १६ काय, १६० आघातही जड नाहीत. ज्यांनी वेगावरच दुकान मांडलं त्यांची पंचाईत आहे.

तरी कॉम्प्युटरवरचे ड्रम म्हणजे लबाडी, हा निकाल मला मान्य नाही. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये ड्रमसेट ठेवून बघा, सोसायटीची नोटीस त्याच आठवड्यात येईल. तासावर भाड्याने घेतलेली जॅम रूम आणि घरी रबरी पॅड, यावर इथले वादक शिकलेत. डेमॉनिक रिझरेक्शनचा साहिल मखिजा मुंबईचाच. त्याच्या बँडने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ हा अल्बम काढला. (युट्यूबवर तो किटो स्वयंपाकही शिकवतो, पण ते असो.) २०१६ च्या त्याच्या एकट्याच्या ‘धिस बर्डन इज माइन’ वर ड्रम वाजवलेत नाइल बँडच्या जॉर्ज कोलियास या ग्रीक ड्रमरने. ज्याला असा ड्रमर मिळत नाही, तो आपली रचना मशीनवर ऐकवतो. रचना त्याचीच असते.

खरं-खोटं बघायचंच असेल तर प्लेथ्रू व्हिडिओ शोधा. वादक एकटा आणि मध्ये कट नसलेला. ड्रमरचा असेल तर एक कॅमेरा पेडलवर असतो, तिथेच नजर ठेवा. चेहरा निवांत आणि फक्त घोटे हलतायत, असं दिसलं तर माणूस तयारीचा आहे. एकदा आवाज बंद करूनही बघा.