फराक्काचे दरवाजे उघडले की गंगेतल्या गाळाचं काय होतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात पूर आला आणि ‘भारताने फराक्का बॅरेजचे दरवाजे उघडले म्हणून हे झालं’ असे व्हिडिओ फिरू लागले. फराक्का हे धरण नाही, बॅरेज आहे आणि पावसाळ्यात दरवाजे उघडणं नेहमीचंच आहे, असं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा स्पष्ट केलं. हा फरक समजून घ्यायला हवा, कारण गाळाचं गणितही त्यावरच ठरतं.

बॅरेज नेमकं काय करतं?

धरण पाणी साठवतं. बॅरेज नदीची पातळी उंचावून काही पाणी कालव्यात वळवतं, बाकीचं पुढे जातं. पश्चिम बंगालमधलं फराक्का १९७५ मध्ये सुरू झालं. सुमारे ३८ किलोमीटरच्या कालव्यातून ४० हजार क्युसेकपर्यंत पाणी भागीरथी-हुगळीत सोडायचं आणि कोलकाता बंदरातला गाळ वाहून न्यायचा, हा त्यामागचा हेतू होता. गाळ हटवण्यासाठी बांधलेलं हे बॅरेज आज गाळामुळेच वादात आहे.

दरवाजांचा गाळाशी संबंध काय?

पाण्याला वेग असेल तर गाळ तरंगत राहतो. दरवाजे बंद झाले की वरच्या बाजूचं पाणी संथ होतं. जड वाळू आधी तळाशी बसते, बारीक माती पुढे जाते. पावसाळ्यात दरवाजे उचलल्यावर वेग वाढतो आणि गाळ पुढे निघतो. पण आधी बसलेला सगळाच गाळ सुटत नाही. त्याची बेटं होतात, प्रवाह एका काठाकडे वळतो आणि तो काठ ढासळतो. खालच्या बाजूला वाळू कमी झालेलं पाणी तळ आणि काठ खरवडतं.

आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढतात, त्यामागेही पूर आणि गाळ वाहून जाऊ देण्याचाच विचार असतो.

किंमत कोण मोजतं?

मालदा आणि मुर्शिदाबादमध्ये घरं, शेतं, शाळा नदीत गेल्या आहेत. बिहारमधल्या २०१६ च्या पुरानंतर नितीश कुमार यांनी गाळाचं कारण देत फराक्का हटवण्याची मागणी केली होती. मात्र गंगा हिमालयातून मुळातच प्रचंड गाळ आणते. सगळा दोष बॅरेजवर टाकता येत नाही.

पुढे काय?

भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार १९९६ चा, मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यात वाटणी आहे ती जानेवारी ते मे या महिन्यांतल्या पाण्याची. गाळ मात्र मुख्यतः पावसाळ्यात वाहतो. दोन्ही देश फक्त क्युसेक मोजत राहिले, तर काठावरच्या माणसांचा प्रश्न तसाच राहील.