अंतर आणि काळ

दोन शहरांमधील अंतर विचारिलें असतां आमचे विद्यार्थी आंकडा तत्परतेनें सांगतात. आंकडा पाठ असणें बरें; परंतु अंतर कळलें म्हणजे प्रवासाचा काळही कळला, ही समजूत आम्हांस चुकीची वाटते.

दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को हीं दोन शहरें घ्या. एअर इंडियाचें विमान प्रथम दिल्लीहून पश्चिमेकडे निघून अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारें १३,९०० किलोमीटरांची होती. इ. स. २०१६ च्या ऑक्टोबरांत तें पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यांत आलें. ही वाट सुमारें १५,३०० किलोमीटर, म्हणजे अधिक लांबीची. तथापि प्रवास सुमारें साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षां लवकर, संपला!

असें कां व्हावें? पृथ्वी विमानाखालून फिरते म्हणून, असें कित्येक मुलें म्हणतील. पण तें बरोबर नाहीं, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरतच असते. खरें कारण वाऱ्याचें आहे. समशीतोष्ण कटिबंधांत फार उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पहिल्या वाटेवर ते विमानास अडवीत. दुसरीवर तेच त्यास पुढें लोटूं लागले.

केवळ आंकडा मागणाऱ्या प्रश्नपत्रिकेनें हें ज्ञान कधींच येणार नाहीं. यास्तव पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस घरीं "किती लांब?" एवढेंच न विचारतां "कां?" असेंही विचारीत जावें.