मोटारींतील बैठक व सुरक्षापट्टा

एकत्र कुटुंबांत कांहीं वस्तू सर्वांच्या असतात आणि कांहीं ज्याच्या त्याच्या. पाण्याचा हंडा सर्वांचा. चष्मा मात्र ज्याचा त्याचा. आजोबांचा चष्मा नातवानें डोळ्यांस लावला तर घरांत हंशा पिकतो. परंतु आजोबांनीं आपल्या मापानें लावलेली मोटारींतील बैठक जशीच्या तशी ठेवून सूनबाई गाडी चालवूं लागल्या, तर त्यांत कोणास कांहींच वावगें वाटत नाहीं. आपल्या घरांतून मोटार ही हंड्याच्या जातीची वस्तू मानली जाते. तिची बैठक व तिचा सुरक्षापट्टा, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला सीटबेल्ट, हीं दोन्ही मात्र चष्म्याच्या जातीचीं आहेत. या महिन्यांत वाचकांशीं आम्हांस बोलावयाचें आहे तें याच विषयावर.

प्रसंग आमच्याच घरांतला आहे, म्हणून तो सांगण्यास संकोच वाटत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं एका मुंजीसाठीं आम्ही पुण्याहून वाईस निघालों होतों. चिरंजीव आदल्या दिवशींच पुढें गेले होते. शिरवळपर्यंत गाडी आम्हीं चालविली. तेथें चहा झाल्यावर सूनबाई चक्रापाशीं बसल्या. शेजारच्या बैठकीवर आहेराचें सामान होतें. मागें आम्ही, आमचें कुटुंब व तिच्या मांडीवर दोन वर्षांचा नातू. आमची उंची पावणेसहा फूट, सूनबाईंची पांच फुटांच्या आंत. पुढें जाणारी मालमोटार एकाएकीं थांबली. सूनबाईंनीं ब्रेक दाबला, पण त्यांचें पाऊल तेथवर पुरतें पोंचेना. केवळ चवड्यावर जोर देत त्या बैठकीच्या कडेवर सरकल्या, आणि आमची गाडी त्या मालमोटारीपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. नातू आजीच्या हातांतून निसटून पुढील बैठकीच्या पाठीवर आदळला. कपाळास टेंगूळ आलें, यापलीकडे ईश्वरकृपेनें कांहीं झालें नाहीं.

सर्वजण सावरल्यावर आम्हीं विचारलें, "सूनबाई, बैठक पुढें कां घेतली नाहीं?"

त्या म्हणाल्या, "मामंजी, परततांना तुम्हीच चालवणार. तुम्हांला पुन्हां सगळं लावत बसावं लागलं असतं. म्हटलं, तुमची बैठक कशाला हलवा!"

वडिलांचा मान राखण्याची ही रीत एरवीं आम्हांस सुखावून गेली असती. त्या दिवशीं तिची भीति वाटली. आणि दोष त्यांचा नव्हता. खालीं उतरतांना "बैठक आपल्या मापानें लावून घ्या" एवढें म्हणण्याचें काम आमचें होतें.

तेव्हां प्रथम बैठकीविषयीं. गाडी उभी असतांनाच, दुसऱ्या कोणाच्या घाईकडे लक्ष न देतां, ही तयारी करावी. कंबर बैठकीच्या पाठीस पूर्ण टेकवावी आणि उजव्या पायानें ब्रेक तळापर्यंत दाबून पाहावा. क्लच असल्यास डाव्या पायानें तोही दाबावा. तसा दाबला असतां गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर बैठक पुढें घ्यावी. पाठीमागें उशी ठेवून पुढें सरकण्याची युक्ति पुष्कळ भगिनी करतात. पण अशी सैल उशी ऐन वेळीं सरकते व पट्टाही अंगास नीट बसूं देत नाहीं. बैठकीची उंची बदलतां येत असेल तर रस्ता चक्राच्या वरून स्वच्छ दिसेल इतकी ती उचलावी, मात्र डोकें व छत यांमध्यें मुठीएवढी जागा ठेवावी. त्यानंतर बैठकीची पाठ जवळजवळ उभी करावी. खांदे टेकलेले असतांना हात लांब केला तर मनगट चक्राच्या वरच्या कडेवर सहज टेकलें पाहिजे. त्याच वेळीं छातीचें हाड व चक्राचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे १० इंच, अंतर असावें. चक्राच्या पोटांत दडलेली एअरबॅग डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत फुगते. फार जवळ बसणाऱ्यास तिचाच तडाखा बसतो.

डोक्यामागील उशी झोंप घेण्यासाठीं दिली आहे अशी समजूत सर्वत्र दिसते. तिचें काम निराळें आहे. मागून दुसऱ्या गाडीची धडक बसली म्हणजे धड बैठकीबरोबर पुढें ढकललें जातें आणि डोकें मागें राहून मानेस हिसका बसतो. हा हिसका अडविण्यासाठीं ती उशी असते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीस असावी, निदान कानांच्या वर तरी असावी, आणि डोकें व उशी यांत अंतर थोडें असावें. आमच्या गाडींत ती सूनबाईंच्या दृष्टीनें फार वर होती व त्याआधीं चिरंजीवांच्या दृष्टीनें फार खालीं. सगळें झाल्यावर आरसे लावावेत, कारण बैठक हलली कीं आरशांतील रस्ताही हलतो.

आतां पट्ट्याविषयीं. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी भिंतीवर आदळली तर गाडी थांबते, पण आंतील मनुष्याचा वेग तसाच राहतो. हा वेग सुमारें ३२ फूट उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासून, खालीं पडणाऱ्याच्या वेगाएवढा असतो. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशीं मूल वांकलें तर घरांतील सर्वांच्या काळजाचें पाणी होतें. तेंच मूल गाडींत दोन बैठकींच्या मध्यें उभें असतें तेव्हां आपण त्याला गाणें म्हणावयास सांगतों. मांडीवरील बाळाचा हिशेब असाच आहे. १० किलो वजनाचें बाळ या वेगावरून एक दशांश सेकंदांत थांबवावयाचें, तर हातांवर सुमारें १४० किलोंचा भार येतो. आजीच्या मायेस सीमा नाहीं हें खरें, पण तिच्या मनगटाच्या बळास आहे.

आजचा तीन ठिकाणीं अडकणारा पट्टा १९५९ मध्यें स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनीं मोटारींसाठीं सिद्ध केला. त्यापूर्वीं त्यांनीं विमानांतून वैमानिकास बाहेर फेंकणाऱ्या आसनांवर काम केलें होतें. कंपनीनें या शोधाचा लाभ इतर मोटार-कारखान्यांसही घेऊं दिला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. या पट्ट्याचें मर्म एकच: धक्क्याचा भार शरीराच्या मऊ भागांवर न येतां हाडांवर यावा. कमरेचा भाग कटीच्या हाडांवर आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीच्या हाडावर, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पट्टा लावण्याचे सारे नियम आपोआप उलगडतात.

कमरेचा पट्टा पोटावर नसावा. तेथें तो आंतील इंद्रियांस इजा करतो. साडी नेसलेल्या भगिनींनीं तो निऱ्यांच्या घडीवर न ठेवतां तिच्याखालीं, मांड्यांच्या मुळाशीं सारावा. वरचा पट्टा मानेस कांचूं नये आणि खांद्यावरून घसरूंही नये. गाडीच्या खांबावर त्याची उंची बदलण्याची सोय असल्यास ती वापरावी. पट्टा काखेखालून घेणें अतिशय धोक्याचें आहे, कारण मग भार बरगड्यांवर येतो. त्यास पीळ नसावा व ढील नसावी. शाल किंवा जाड कोट पट्ट्याखालीं न घेतां पट्ट्यावरून पांघरावा. पट्टा झटकन् ओढला तर तो अडकतो आणि मग "हा बिघडला आहे" म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक झटक्यास अडणें हेंच त्याचें काम. सावकाश ओढला म्हणजे येतो. गरोदर भगिनींनीं पट्टा टाळूं नये. खालचा भाग पोटाच्या खालून, कटीच्या हाडांवर, आणि वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेनें घ्यावा. त्यानें माता व गर्भ या दोघांचेंही रक्षण होतें. पुढील बैठकीची पाठ आडवी करून प्रवासांत झोंपणाऱ्यांच्या छातीवर पट्टा टेकतच नाहीं. धक्का बसतांच शरीर त्याच्या खालून निसटतें.

"पट्टा पुढच्यांनीं लावावयाचा, मागच्यांस काय त्याचें?" हा आक्षेप आम्हीं सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकला आहे, आणि त्या प्रवासांत आम्ही स्वतःही मागें पट्ट्यावांचूनच बसलों होतों. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांप्रमाणें मागील बाकावर पुढें तोंड करून बसणाऱ्यांनींही पट्टा लावणें आवश्यक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पट्टा न लावणाऱ्यास १,००० रुपये दंड आहे. परंतु दंडापेक्षां मोठा दाखला आपल्या समोर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या गाडीस अपघात झाला. गाडी उत्तम होती. मागें बसलेल्या दोघांनीं पट्टे लावले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. ते दोघेही गेले. पुढील दोघे गंभीर जखमी झाले, पण वांचले. शिवाय मागचा मोकळा मनुष्य धडकेच्या वेळीं पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. तेव्हां आपला पट्टा न लावणें ही केवळ आपल्यापुरती गोष्ट राहत नाहीं.

कित्येक घरांतून मागील पट्ट्यांचीं कुलपें नव्या आच्छादनाखालीं गाडलेलीं असतात. आपल्या गाडीचें आच्छादन आजच उचलून पाहावें. बैठकीच्या कुशींत एअरबॅग असल्यास तीही आच्छादनानें झांकली जाऊं नये. पट्ट्याची आठवण देणारा घणघणाट बंद करण्यासाठीं कुलपांत नुसतीच खुंटी खोंचून ठेवणाऱ्यांविषयीं काय लिहावें? अशा खुंट्या विकणाऱ्या पांच व्यापारी संकेतस्थळांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२३ मध्यें आदेश बजावले. एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, हाही भ्रमच; ती पट्ट्याची साहाय्यक म्हणून योजिलेली आहे, त्याच्या ऐवजीं नव्हे.

मुलांसाठीं निराळी बैठक घ्यावी. तान्ह्या बाळाची बैठक मागील बाकावर, तोंड गाडीच्या मागील बाजूस करून बांधावी. एअरबॅग चालू असलेल्या पुढील जागेवर ती कधींही ठेवूं नये. मूल सुमारें १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा त्याच्या गळ्यावर व पोटावर येतो, म्हणून त्यास उंच करणारें आसन द्यावें. दोघांत एक पट्टा कधींही घेऊं नये. आणि येथें एकत्र कुटुंबास थोडें कठोर व्हावें लागेल: पांच पट्ट्यांच्या गाडींत पांचच माणसें. मुंजीस आठजण जावयाचे असतील तर तिघांनीं एस्. टी. नें जावें, त्यांत कोणाचाही अपमान नाहीं.

आमच्या घरीं आतां एक रिवाज पडला आहे. जो चक्रापाशीं बसेल त्यानें बैठक, उशी व आरसे स्वतःच्या मापानें लावावयाचे. वडिलांची परवानगी विचारावयाची नाहीं. मागें बसणाऱ्यांत सर्वांत वडील असेल त्यानें प्रथम पट्टा लावावयाचा, म्हणजे धाकट्यांस "लावा" असें सांगण्याचा संकोच पडत नाहीं. सर्व कुलपें वाजल्याखेरीज किल्ली फिरवावयाची नाहीं. सासूसासऱ्यांची बैठक हलविण्यास कचरणाऱ्या सुना अद्याप पुष्कळ घरांत असतील. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं हा लेख वाचून आपण होऊन त्यांना तसें सांगावें, एवढीच आमची विनंती आहे.

नातू आतां चार वर्षांचा आहे व स्वतःच्या आसनावर ऐटींत बसतो. गेल्या रविवारीं पर्वतीस निघतांना आम्ही गप्पांच्या भरांत तसेच बसलों होतों. मागून आवाज आला, "आजोबा, तुमचा वाजला नाही!" आम्हीं निमूटपणें पट्टा ओढला, आणि मग सूनबाईंनीं गाडी सुरू केली.