टॅब, टॅब, एंटर

ऑफिसात कोणाच्याही खुर्चीमागे दोन मिनिटं उभं राहून बघा. दिवसातून पन्नास वेळा करायचं कामसुद्धा माणूस माऊसनेच करताना दिसेल. मजकूर सिलेक्ट करायचा, राइट क्लिक, 'कॉपी', मग खालच्या पट्टीवर दुसरी विंडो शोधायची, पुन्हा राइट क्लिक, 'पेस्ट'. बघणाऱ्याचाच जीव कासावीस होतो! आणि काही सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: "अरे, दोन सेकंदांनी काय फरक पडतो?"

खरंय, नाही पडत. शॉर्टकटचे गोडवे गाणारे लोक नेहमी वाचलेल्या सेकंदांचा हिशोब मांडतात आणि तिथेच त्यांची बाजू लंगडी पडते. ब्रूस टॉग्नाझिनी हा अ‍ॅपलच्या सुरुवातीच्या इंटरफेस डिझायनर्सपैकी एक. त्याने १९८९ मध्ये लिहून ठेवलंय, की लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, पण स्टॉपवॉच लावलं की माऊस जिंकतो. कारण कुठलं बटण दाबायचं हे आठवण्यात जो वेळ जातो, तो आपल्या लक्षातच येत नाही. कीबोर्डवाले यावर आजही चिडतात. मला मात्र त्यात तथ्य वाटतं. महिन्यातून एकदा लागणाऱ्या कमांडचा शॉर्टकट पाठ करणं ही हौस झाली, सोय नव्हे. पण ज्या दहा-बारा गोष्टी आपण दिवसभर करतो, त्यांचं तसं नाही. त्या आठवाव्या लागतच नाहीत, बोटांना माहीत असतात. नजर मजकुरावरून हलत नाही आणि डोक्यातलं वाक्य अर्धवट तुटत नाही. फायदा आहे तो हा.

आणि यात माऊसशी काही वैर नाही बरं का. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांना दाखवला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कीसेट होता. म्हणजे माऊसच्या जन्मदात्यानेही सगळा भार एकट्या माऊसवर टाकला नव्हता! पुढे झेरॉक्स पार्कमध्ये लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' या एडिटरमध्ये कट-कॉपी-पेस्टला आजचं रूप दिलं. १९८३ मध्ये अ‍ॅपलचा लिसा आला, त्यावर अन्डू, कट, कॉपी, पेस्ट यांना झेड, एक्स, सी, व्ही ही बटणं मिळाली. कीबोर्डकडे बघा, चौघं ओळीने शेजारी बसलीत. डाव्या हाताने ही दाबायची, उजवा हात हवा तर माऊसवर. पेस्टला 'पी' का नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे :)

असो. इतिहास पुरे. विंडोजवर इकडून तिकडे फिरायला मला जे खरोखर उपयोगी पडतात, ते हे:

ऑल्ट+टॅब: एका विंडोतून दुसरीत. शिफ्टही दाबलं तर उलट दिशेने. हा एकच शिकलात तरी निम्मं काम झालं.

विंडोज बटण+१, २, ३: खालच्या पट्टीवरचा पहिला, दुसरा, तिसरा प्रोग्राम. ब्राउझर पहिला ठेवा, मेल दुसरा. आठवड्याभरात बोटं आपोआप जातात.

विंडोज+डावा किंवा उजवा बाण: विंडो अर्ध्या स्क्रीनवर चिकटते. एकीकडे स्पेक, दुसरीकडे कोड.

कंट्रोल+डावा किंवा उजवा बाण: अक्षर-अक्षर न सरकता शब्द-शब्द उड्या. शिफ्ट जोडलं की तेवढं सिलेक्ट. कंट्रोल+बॅकस्पेसने मागचा अख्खा शब्द गायब.

कंट्रोल+एल: ब्राउझरमध्ये थेट पत्त्याच्या चौकटीत. आणि चुकून बंद केलेला टॅब परत आणायला कंट्रोल+शिफ्ट+टी.

विंडोज+व्ही: आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी. २०१८ मध्ये विंडोज १० ला मिळाली. एकदा चालू करावी लागते.

विंडोज+स्पेस: मराठी आणि इंग्रजी कीबोर्ड आलटून-पालटून. आपल्यासारख्या धेडगुजरी लिहिणाऱ्यांसाठी वरदानच.

विंडोज+एल: चहाला उठताना मशीन लॉक. हे तर सक्तीचंच करायला हवं.

सगळे एकदम शिकायला जाऊ नका, तसं कोणाचंच होत नाही. आठवड्याला एक पुरे. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावा आणि ते एक काम माऊसने करायचं नाही असं ठरवा. बाकी सगळं मेनू स्वतःच सांगत असतो. कमांडच्या उजवीकडे तिचा शॉर्टकट बहुतेक ठिकाणी लिहिलेला असतो, फक्त आपण वाचत नाही.

इथपर्यंत आपल्या सोयीची गोष्ट झाली. पण मला खरं सांगायचंय ते पुढचं.

ज्याला दिसत नाही, त्याला माऊसचा काय उपयोग? बाण कुठे आहे हेच कळत नाही. असा माणूस स्क्रीन रीडर वापरतो. फुकट मिळणारा एनव्हीडीए त्यातलाच. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करनने, स्वतः अंध असलेल्या प्रोग्रॅमरने, तो लिहायला घेतला. टॅब दाबत पुढे जायचं, फोकस जिथे असेल ते तो वाचून दाखवतो, एंटर दाबलं की काम. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना माऊस नेमका धरता येत नाही, त्यांचंही बरंचसं असंच. आपण ज्याला शॉर्टकट म्हणतो, तो या लोकांचा मुख्य रस्ता आहे. त्यांना दुसरा रस्ताच नाही.

आणि तो उखडतो कोण? तर आपणच, आयटीवाले. फोकसभोवतीची चौकट डिझाइनमध्ये 'बरी दिसत नाही' म्हणून आउटलाइन नन लिहून मोकळे होतो. खरं बटण न वापरता साध्या डिव्हला क्लिक जोडतो. माऊसवाल्याला ते बटण वाटतं, टॅबला मात्र ते दिसतच नाही. पॉपअप उघडतो, पण एस्केपने बंद होत नाही. सगळं कीबोर्डवरून करता आलं पाहिजे, हा नियम वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून अगदी पहिल्या पायरीवर आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं अशी तरतूद आहे. तरीही हे होतं, आणि ते दुष्टपणाने होत नाही. ज्या रस्त्याने आपण कधी जात नाही, त्यावरचे खड्डे आपल्याला माहीत नसतात, एवढंच.

म्हणून मला वाटतं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने कीबोर्डवर फिरायला शिकणं ही स्टाइल मारण्याची गोष्ट नाही, कामाचा भाग आहे. ज्याची बोटं रोज टॅबवर असतात, त्याला अडलेला फॉर्म लगेच खुपतो. टेस्टिंगच्या यादीत ती ओळ असो वा नसो.

तेव्हा सोमवारी एक करा. माऊसची वायर काढा, लॅपटॉप असेल तर टचपॅडला हात लावू नका. आपणच बनवलेलं अ‍ॅप्लिकेशन उघडा आणि टॅब, शिफ्ट+टॅब, बाण, स्पेस, एंटर आणि एस्केप एवढ्यावर लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत जाऊन दाखवा. पोचलात तर उत्तम. मध्येच अडकलात, तर माऊस परत लावण्याआधी तेवढा एक बग नोंदवून टाका.