कॉम्प्रेसरचा काटा कुणाच्या हाती?



शेतातला पाट मधेच फुटला, शेवटच्या सरीला पाणी पोचेना, तर आपण काय करतो? खोरं घेऊन आधी बांध धरतो. मोठी मोटार आणायला कुणी धावत नाही. कारखान्यात मात्र नेमके उलटे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पॅनचे आणि सेंट्रिफ्युगलचे व्हॉल्व दाबाच्या हवेवर चालतात. एखादा व्हॉल्व सुस्त झाला की शिफ्टमधून निरोप जातो, "हवा कमी पडतेय, वाढवा!" कॉम्प्रेसरचा दाब सहा किलोवरून सातावर जातो. त्या दिवसाचे काम भागते, पण काटा पुन्हा खाली कुणी आणत नाही.

ह्याची किंमत काय? दाब एक किलोने वाढवला की तेवढ्याच हवेला वीज सहा-सात टक्के जादा लागते. शिवाय दाब वाढला की गळतीही वाढते. सात किलो दाबाला तीन मिलिमीटरचे एक भोक सुमारे तीन किलोवॅट खाते. १२० दिवसांच्या अखंड हंगामात हे साडेआठ हजार युनिट झाले, आणि तेही एकाच भोकाचे!

कुणी म्हणेल, वीज आपल्याच बगॅसची, तिला कोण विचारतो? आम्ही म्हणतो, विचारलेच पाहिजे. सहवीज प्रकल्प असेल तर वाचलेले युनिट विकता येते, नसेल तर बगॅस शिल्लक राहते. दोन्हींचा पैसा शेवटी उसाच्या दरातच दिसायचा.

म्हणून उद्याच काटा खाली ओढा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. दाब खरोखरच कमी पडला तर व्हॉल्व अर्धवट उघडेल आणि गाळपाचा खोळंबा होईल. आधी सर्वांत लांबच्या यंत्रापाशी, ऐन कामाच्या वेळी, दाब मोजावा. कॉम्प्रेसरपाशी सात आणि तिथे पाच भरत असेल, तर दोष वाटेत आहे. फिल्टर चोंदला असेल, पाइप अरुंद असेल, नाहीतर सांधे फुसफुसत असतील. साबणाचे पाणी लावले की गळती डोळ्यांना दिसते. ती बंद केल्यावर दाब थोडा थोडा, दशांश दोन किलोने उतरवावा, दोन-तीन शिफ्टा पाहावे आणि तक्रार आली तर एक पायरी मागे यावे.

ह्यात फिटरला दोष देण्याचे कारण नाही. बिचारा रात्री दोन वाजता पॅन थांबू नये म्हणून काटा वाढवतो. चूक आहे ती ठरवून न दिल्याची. दाब किती, हे कॉम्प्रेसर घरात फळ्यावर लिहावे. ज्याने बदलला त्याने वहीत कारण लिहून सही करावी. आणि ती वही खातेप्रमुखांनी दर आठवड्याला पाहावी.

ह्याला नवे यंत्र लागत नाही की कर्ज काढावे लागत नाही. साबण, एक वही आणि थोडी शिस्त एवढे पुरे. कारखाना आपला म्हणायचा, तर हवाही आपलीच समजायला हवी.