तज्ज्ञांचा विषय?



अर्थसंकल्प आला की आपण महिला व बालविकासाची तरतूद शोधतो. संशोधनाचा पैसा मात्र ‘तज्ज्ञांचा विषय’ म्हणून सोडून देतो. हे आपल्याला परवडणारे नाही, असे मला वाटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सरकारी पैशावर चालते. तिच्या खात्याच्या अनुदानाच्या मागण्या संसदेची आरोग्यविषयक स्थायी समिती तपासते. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ खासदार तिच्यात असतात.

अशी समिती काय करू शकते, हे २०१३ मध्ये दिसले. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदा जिल्ह्यांत २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने परिषदेच्या सहभागाने १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस टोचली. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर, २०१० मध्ये ते काम थांबले. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर पालकांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या! समितीने परिषदेलाही धारेवर धरले.

लस चांगली की वाईट, हा इथे मुद्दा नाही. गरिबाच्या मुलीची संमती कोणीही द्यावी, हे कसे चालते?

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, ही खरीच मर्यादा. पण काय कारवाई केली ते सरकारला कळवावे लागते, आणि अहवाल सर्वांसाठी खुले असतात. ते मिळवू या, गटात वाचू या, समितीकडे निवेदने पाठवू या. देह आपले, पैसाही आपलाच; मग हिशेब आपण नाही तर कोणी मागायचा?